दुकान आहे, पण कमाई किती?

बारामती म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर साखर कारखाने, औद्योगिक वसाहत, शिक्षणसंस्था आणि रुंद रस्ते येतात. त्यात खोटे काही नाही. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या कारखान्यांची नावे राज्यभर माहीत आहेत. वसाहतीत तीनचाकी गाड्या बनतात, चॉकलेट बनते, दुधावर प्रक्रिया होते, टेक्स्टाइल पार्कमध्ये शेकडो बायकामुली शिवणयंत्रावर बसतात. शेजारच्या इंदापूर तालुक्यात उजनीचे पाणी आहे, डाळिंब-द्राक्षांच्या बागा आहेत, मासळीचा व्यापार आहे, पुणे-सोलापूर रस्त्याची रहदारी आहे. अशा भागात ज्याचे स्वतःचे दुकान आहे तो माणूस गरीब असेल, हे कोणाला पटत नाही. खुद्द त्या दुकानदारालाही पटत नाही.

आमचे म्हणणे असे की, बारामती आणि इंदापूरच्या बाजारपेठेत आपले जे छोटे व्यापारी आणि कारागीर बांधव बसतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना आपल्या घराची खरी कमाई ठाऊक आहे. गल्ल्यात संध्याकाळी किती जमले, हे प्रत्येक जण सांगेल. महिन्याला किती सुटले, हेही अंदाजाने सांगेल. पण ते सुटलेले पैसे घरातल्या किती माणसांनी किती तास राबून मिळवले, आणि तेवढीच माणसे दुसरीकडे तेवढीच राबली असती तर काय मिळाले असते, हा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडला तर पुष्कळांना धक्का बसेल.

एक उदाहरण घेऊ. हे कोणा एकाचे नाही, समजुतीसाठी मांडलेले आहे. वाचकांनी यात आपापले आकडे घालून पाहावेत.

समजा, बारामतीत एका बांधवाचे शिलाईचे दुकान आहे. घरात पाच माणसे. ते स्वतः सकाळी दहाला दुकान उघडतात आणि रात्री दहाला बंद करतात. एकोणीस वर्षांचा मुलगा दुकानात मशीनवर बसतो, दिवसाचे दहा तास धरा. घरी बाईमाणूस स्वयंपाकपाणी आटोपून काजे-बटण, तुरपाई, फॉल-पिको करते, ते रोजचे चार तास. महिन्याची एकूण शिलाई ३२,००० रुपये झाली. त्यातून दोरा, अस्तर, बटणे, कॅनव्हास यांचे ४,००० गेले. जागेचे भाडे ४,५००. लाइटबिल १,२००. मशीनची दुरुस्ती, तेल, सुया ५००. उचल घेतलेल्या रकमेवरचा भुर्दंड १,५००. राहिले २०,३००.

आता हे बांधव चौकात सांगणार की, "अल्लाहचा करम आहे, वीस हजार सुटतात." ऐकणारालाही बरे वाटते. पण तास मोजा. मालकाचे २६ दिवसांचे ३१२ तास, मुलाचे २६० तास, घरच्या बाईचे तीस दिवसांचे १२० तास. एकूण ६९२ तास. वीस हजार तीनशेला सहाशे ब्याण्णवने भागले, तर तासाला २९ रुपये आणि काही पैसे पडतात. आठ तासांचा रोज धरला तर सुमारे २३५ रुपये.

२०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर माती उचलणाऱ्या मजुराला सरकारने दिवसाला ३१२ रुपये दर ठरवून दिला होता. म्हणजे ज्याच्या हातात वीस वर्षांचे कसब आहे, ज्याने मशीन घेतले, जागेचे डिपॉझिट भरले, गिऱ्हाईक सांभाळले, त्याच्या घराला तासामागे मातीकामापेक्षा कमी मिळाले. यात दुकानात गुंतवलेल्या रकमेचा मोबदला आम्ही एक पैसाही धरलेला नाही. उधारी बुडाली तर आकडा आणखी खाली जाईल.

कोणी म्हणेल की, घरच्या माणसांचे तास कसले मोजता, ते तर आपलेच. हीच समजूत आपल्याला महागात पडते. बाहेरचा कारागीर ठेवला असता तर त्याला मजुरी दिलीच असती ना? मुलगा घरचा म्हणून त्याची मजुरी शून्य होत नाही. ती तो दुकानाला फुकट देतो एवढेच. कित्येक दुकाने नफ्यावर चालत नाहीत, ती मुलाच्या आणि बायकोच्या फुकट मेहनतीवर चालतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकारी मोजणीत तरी हे दिसते काय? दिसते, पण वेगळ्या रीतीने. देशात २०१७-१८ पासून श्रमबळाची नियमित पाहणी होते. तिच्यात घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा माणूस रोजगार असलेल्यांत धरला जातो. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, कारण तो काम करतोच. परिणाम मात्र असा होतो की, आपल्या शिंप्याच्या घरात तीन माणसे कामाला आहेत, बेकार कोणी नाही, अशी नोंद होते. तिघांपैकी दोघांच्या हातात पगार म्हणून छदामही पडत नाही. बेकारी कमी दिसावी आणि घरात ओढाताण तशीच राहावी, हे कोडे यातून सुटते.

गरिबीच्या रेषेचेही तसेच आहे. ही रेषा आखण्याचे काम ज्या ठिकाणी गाजले, ते आपल्याच जिल्ह्यातले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७च्या सुमारास पुणे शहरातील कुटुंबांचा धंदा, उत्पन्न आणि राहणी यांची पाहणी केली. ती पुढे १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. त्याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील गरिबीचा हिशेब मांडला. पुरेशा उष्मांकाचे अन्न मिळायला किती खर्च लागतो, यावरून त्यांनी १९६०-६१च्या किमतींना माणशी महिना खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी मर्यादा धरली. तिच्याखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसे निघाली. त्यानंतर अनेक समित्या झाल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली महाराष्ट्रात शहरी भागासाठी माणशी महिना १,१२६ रुपये आणि ग्रामीण भागासाठी ९६७ रुपये अशी रेषा निघाली होती.

या सर्व पद्धतींत उत्पन्न विचारत नाहीत, खर्च विचारतात. याचे एक मोठे कारण आपणच आहोत. नोकरदाराला पगार विचारला तर तो एका शब्दात सांगतो. दुकानदाराला, गाडीवाल्याला, शेतकऱ्याला उत्पन्न विचारले तर त्याला स्वतःलाच ते सांगता येत नाही. सकाळी गल्ल्यातून दूध आणले, दुपारी डॉक्टरला दिले, संध्याकाळी त्यातूनच माल भरला. घर कोठे संपले आणि दुकान कोठे सुरू झाले, हे कोणी सांगावे?

शिंप्याच्या उदाहरणात माणशी महिना ४,०६० रुपये येतात. महागाई धरूनही कोणत्याही सरकारी रेषेने हे घर गरीब ठरण्याची शक्यता थोडी. अन्नसुरक्षा कायदा लागू करताना राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वार्षिक ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये अशी उत्पन्नाची मर्यादा घातली. त्या हिशेबाने हे घर स्वस्त धान्यातूनही बाहेर. दुसरीकडे २०२२-२३च्या खर्च पाहणीत देशातील शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,४५९ रुपये निघाला होता. आपल्या शिंप्याचे घर त्याच्या दोन तृतीयांशाच्याही खाली राहते. गरीब म्हणून मदत नाही आणि सुखवस्तू म्हणावे तर आजारपणाचे एक बिल आले की मशीन गहाण. अशी घरे आपल्या समाजात किती आहेत, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या मोहल्ल्यावरून करावा.

हा प्रश्न आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा का, तर आपल्याकडे पगारी नोकरी थोडी आणि स्वतःचा धंदा फार. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने हे आकड्यांनिशी दाखवले. शहरी भागात कामकरी मुस्लिमांपैकी ५७ टक्के स्वतःच्या धंद्यात होते, हिंदूंमध्ये हे प्रमाण ४३ टक्के होते. नियमित पगाराच्या कामात शहरी मुस्लिम कामकरी अवघे २७ टक्के. म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर कमाई मोजणारी पद्धत आपल्या निम्म्याहून अधिक घरांना लागूच पडत नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, शिकलगार, खाटीक, मुलाणी. पिढ्यान्‌पिढ्या आपली ओळखच धंद्याच्या नावाने आहे. नावाचा अभिमान जरूर असावा. पण नाव राहिले आणि धंदा गेला, अशीही उदाहरणे कमी नाहीत. फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याची तार थंडावली. स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाल्याची भट्टी विझली.

यात एक गंमत पाहा. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पहिले कर्ज एक लाखापर्यंत, व्याज ५ टक्के. योजनेत १८ धंदे घेतले. शिंपी, लोहार, गवंडी, न्हावी, धोबी, कुलपे करणारा, मासेमारीची जाळी विणणारा हे त्यात आले. कापूस पिंजून गादी भरणारा मात्र नाही, कल्हई करणारा नाही, बांगड्या भरणारा नाही. आपल्या संघटनांनी या बाबतीत किती निवेदने दिली, ते त्यांनाच विचारावे.

बारामती-इंदापूरच्या धंद्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, ते म्हणजे हंगाम. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात बाजार उसाच्या बिलावर हलतो. ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. तो कितपत पाळला जातो, हे शेतकऱ्यांइतकेच दुकानदारालाही कळते, कारण बिल लांबले की वहीतली बाकी लांबते. दिवाळीला हप्ता निघाला की कापड, भांडी, बांगड्या, दुचाकीची दुरुस्ती, सगळ्यांची उधारी थोडीफार वसूल होते. पुढे उन्हाळ्यात लग्नसराई. मग जून-जुलैमध्ये शेतकऱ्याचा पैसा बियाण्या-खतात गेला की बाजार ओस. सुपे, उंडवडीकडच्या जिरायती भागावर ज्याचे गिऱ्हाईक आहे, त्याला तर पाऊस हाच मालक. इंदापूरकडे बाग उक्ती घेणारे बागवान बांधव आहेत. त्यांचे काम म्हणजे झाडावरच्या फळाला आज पैसे मोजायचे आणि तोडणीपर्यंत गारपीट, तेल्या रोग, पडलेला भाव यांची जोखीम उरावर घ्यायची. एका वर्षी लाख सुटले म्हणून मोटार घेतली आणि दुसऱ्या वर्षी ती विकून हुंडेकऱ्याचे भाडे दिले, असेही होते. अशा धंद्याची कमाई एका महिन्यावरून किंवा एका हंगामावरून सांगणे म्हणजे फसवणूक, आणि ती प्रथम स्वतःचीच.

हंगामातली खाच भरायला उचल घ्यावी लागते. आपले पुष्कळ बांधव व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहावे म्हणून बँकेची पायरी चढत नाहीत. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण तेच बांधव रोजच्या वसुलीवाल्याकडून रक्कम उचलतात, तेव्हा काय समजावे? समजा, दहा हजार सांगून हातात नऊ हजार दिले आणि रोज शंभर रुपये याप्रमाणे १२० दिवस घेतले. ही रक्कम बारा हजार होते. रोज थोडे-थोडे मुद्दल फिटत जाते हे लक्षात घेतले, तर दर दिवसाला शेकडा अर्धा रुपया, म्हणजे वर्षाला शेकडा १८० रुपयांच्या वर पडतो. नाव व्याजाचे नाही, 'खर्च' आणि 'कमिशन' असे आहे, म्हणून ते व्याज नव्हे काय? त्यापेक्षा मोहल्ल्यातली भिशी शतपटीने बरी. दहा-बारा जणांनी विश्वासाने चालवली तर भांडवलही उभे राहते आणि कोणाचे घर बुडत नाही. अर्थात बँकांचाही दोष आहेच. आपली वस्ती पाहून कर्ज नाकारण्याची वृत्ती सच्चर समितीनेच नोंदवली आहे. २०२० साली पथारीवाल्यांसाठी पहिले दहा हजार देणारी स्वनिधी योजना आली, तेव्हा ज्यांच्याकडे नगरपरिषदेचे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र होते त्यांचे काम झाले. ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता ते बाजूला राहिले. कागद नसण्याची सवय आपल्याला फार.

आता मुलाचा प्रश्न. मार्च २०२४ मध्ये सरकारने बारामतीत मोठा रोजगार मेळावा भरवला होता. अशा मेळाव्यात आपल्या मोहल्ल्यातून किती मुले गेली, आणि जी गेली नाहीत ती का गेली नाहीत? पुष्कळ घरी उत्तर एकच मिळते, "त्याला कशाला नोकरी, दुकान आहे की." आम्ही दुकान बंद करा असे म्हणत नाही. वसाहतीतली पुष्कळशी भरती ठेकेदारामार्फत होते, काही महिन्यांनी घरी बसवतात, पाळी बदलत राहते, हे आम्हालाही माहीत आहे. दुकानात माणूस कोणाचा ताबेदार नसतो, नमाजाची वेळ सांभाळता येते, अब्बांच्या आजारपणात जवळ राहता येते, या गोष्टींनाही किंमत आहे. पण किंमत आहे तर ती सांगता आली पाहिजे. मुलगा बाहेर गेला असता तर महिना चौदा हजार आणले असते आणि दुकानात त्याच्यामुळे सहा हजारांचीच भर पडते, असे दिसले तर महिना आठ हजार रुपये देऊन आपण हे समाधान विकत घेतो आहोत. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावे. पण भाड्यासाठी उचल घेणाऱ्याने तो हिशेब मुलाला न सांगता त्याच्या उमेदीची वर्षे दुकानात घालवणे न्यायाचे नाही.

मुलींच्या बाबतीत हे आणखी उघड आहे. घरी बसून एका नगामागे चार-पाच रुपयांनी तुरपाई करणारी आणि टेक्स्टाइल पार्कमध्ये मशीन चालवणारी, दोघींच्या हातात सुईच आहे. एकीला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, दुसरीचे पैसे दुकानाच्या हिशेबात मुरतात आणि तिने काही कमावले असे कोणी म्हणतही नाही. तिला घरी राहूनच काम करायचे असेल तर करू द्यावे, पण तिच्या कामाचा दर वेगळा लिहावा.

मोजणे हे गरिबाचे किंवा सरकारचेच काम, असेही नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरातील ११,५६० कुटुंबांची गरिबी १८९९ साली ज्याने दारोदार मोजली, तो सीबोहम राउंट्री चॉकलेट-कोकोच्या कारखानदार घराण्यातला, म्हणजे व्यापारीच होता. शहरातली सुमारे २८ टक्के माणसे गरिबीत आहेत, हे त्याने दाखवले. कष्टकऱ्याच्या घरात गरिबी तीन वेळा येते असेही त्याने सांगितले: तो लहान असताना, त्याची मुले लहान असताना, आणि हात थकल्यावर. आपल्या दुकानदाराचे तिसरे वय तर पेन्शनवाचूनच येते.

आपल्याकडे मोजण्याची सवय नाही असेही म्हणता येत नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, हा सूरह बकराच्या २८२व्या आयतीतला आदेश आपण वाझमध्ये ऐकतो. रमजानमध्ये जकातीसाठी दुकानातल्या मालाची मोजदादही अनेक जण करतात. ती करताना देणे वजा जाऊन हाती काय उरते हे नीट पाहिले, तर काही बांधवांच्या असे लक्षात येईल की आपण जकात देणाऱ्यांच्या रांगेत उभे आहोत, पण हिशेबाने दुसऱ्या रांगेत आहोत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र न पाहता पुढे चालत राहण्याने कर्ज वाढते.

बारामती आणि इंदापूर ही काही मोठी शहरे नव्हेत. २०११च्या जनगणनेत बारामती नगरपरिषदेची वस्ती ५४ हजारांच्या आणि इंदापूरची २५ हजारांच्या आसपास होती. इतक्या गावात आपल्या मोहल्ल्यांतील धंदेवाल्या घरांची पाहणी करायला समिती किंवा अनुदान लागत नाही. जमातीने आणि बाजारातल्या जाणत्या मंडळींनी कॉलेजात जाणारी दहा-बारा मुलेमुली हाताशी धरली तरी काम होते. घरात कमावती माणसे किती, कोण किती तास राबतो, कोणाला रोख मजुरी मिळते आणि कोणाला नाही, जागा कोणाची, उचल कोणाकडून आणि किती दराने, उधारी किती अडकली, एवढे विचारले तरी पुरे. नावे बाहेर जाणार नाहीत, याची खात्री आधी द्यावी, नाहीतर खरे कोणी सांगणार नाही. कर भरावा लागेल या भीतीने आकडे लपवणारेही भेटतील. त्यांना सांगावे की, तासाला २९ रुपयांवर आयकर नसतो.

आणि ज्याला पाहणीची वाट पाहायची नाही त्याने दोन वह्या घालाव्यात, एक दुकानाची, एक घराची. दुकानातून घरासाठी घेतलेला प्रत्येक रुपया, मग तो दुधाचा असो की दवाखान्याचा, मालकाची मजुरी म्हणून लिहावा. मुलाच्या आणि घरच्या बाईच्या नावाने बाजारभावाने मजुरी मांडावी, प्रत्यक्ष देता आली नाही तरी मांडावी. वही दिवाळीच्या तेजीत सुरू करून महिन्याभरात निकाल काढू नये. ऊस, लग्नसराई आणि पावसाळा असे तिन्ही काळ तीत आले पाहिजेत. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांच्या घरी नववी-दहावीत शिकणारी एखादी मुलगी असतेच. रोज रात्री दुकान बंद झाल्यावर पंधरा मिनिटे तिच्याजवळ बसावे.